वार्षिक सभेची पुस्तिका आणि पाच तऱ्हेच्या पीडीएफ

ठाण्यातल्या एका ४८ सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचं हे प्रकरण आहे. मी तिथला सभासद. समितीत नाही, पण संगणकाचं काही अडलं की सचिव काकू मला हाक मारतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या पुस्तिकेसाठी हाक मारली.

वेळ कमी होता. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. आदर्श उपविधींप्रमाणे सभेच्या सूचनेला पूर्ण १४ दिवसांची मुदत लागते. सभा आधी रविवारी, २१ सप्टेंबरला ठरली होती. त्या दिवशी हॉल मिळेना, म्हणून २८ तारीख धरली. म्हणजे १३ सप्टेंबरपर्यंत सूचना घरोघरी पोचायला हवी होती, आणि तिच्यासोबत गेल्या वर्षीचं इतिवृत्त, लेखापरीक्षण अहवाल, थकबाकीची यादी आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची दरपत्रकं.

हे सगळं पेनड्राइव्हवर होतं आणि सगळं पीडीएफमध्येच होतं. वर्डची एकही मूळ फाइल नव्हती. आधीचे व्यवस्थापक काम सोडून गेले होते, त्यांचा संगणक केव्हाच भंगारात गेला होता. एका समिती सदस्यांनी सुचवलं, ‘पीडीएफ एडिट करायचं ते पैसेवालं सॉफ्टवेअर घेऊन टाकू.’ त्याचे पैसे दर महिन्याला भरावे लागतात आणि आमच्या संस्थेला ते वर्षातून एकदा लागणार. मी म्हटलं, आधी प्रत्येक फाइल कशाची बनली आहे ते बघू, खरेदीचं नंतर ठरवू. पैसे खर्च न करता सगळं काम झालं. प्रत्येक फाइलला मात्र वेगळी वाट शोधावी लागली.

पीडीएफ बदलायला इतकी अवघड का

अडोबीचे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमलॉट’ नावाने ही कल्पना मांडली. एका संगणकावर केलेलं पान दुसऱ्या कुठल्याही संगणकावर आणि छपाईयंत्रावर तसंच्या तसं दिसावं, एवढाच उद्देश. १९९३ मध्ये अ‍ॅक्रोबॅट बाजारात आलं. २००८ मध्ये पीडीएफ हे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झालं. आज इतकी मोफत साधनं मिळतात त्याचं मोठं कारण हेच, की या फाइलची रचना कशी असते ते कुणालाही वाचता येतं आणि त्यावर प्रोग्रॅम लिहिता येतो.

पण ‘तसंच्या तसं दिसावं’ याची किंमत आहे. वर्डच्या फाइलमध्ये परिच्छेद असतो, ओळ कुठे मोडायची ते प्रोग्रॅम ठरवतो. पीडीएफ म्हणजे खिळे जुळवून, आवळून झालेलं छापखान्यातलं पान. अमुक फॉन्टमधला अमुक आकार कागदाच्या अमुक जागी ठेवा, अशा आज्ञा तिच्यात असतात. परिच्छेद, रकाना, तक्ता यांची नोंद बहुधा नसतेच. त्यामुळे मधला एक शब्द लांबला तर पुढचा मजकूर आपोआप सरकत नाही.

देवनागरीत याच्यावर आणखी एक गाठ बसते. ‘कि’ लिहिताना आधी क येतो, मग वेलांटी. पानावर मात्र वेलांटी आधी दिसते. ‘क्ष’, ‘त्र’, ‘ष्ट्र’ यांसाठी फॉन्टमध्ये स्वतंत्र आकार असतात. पीडीएफमध्ये हे आकार जातात आणि कुठला आकार म्हणजे कुठली अक्षरं, याचा एक तक्ता सोबत जोडलेला असतो. तो तक्ता अपुरा किंवा चुकीचा असला की पान डोळ्याला निर्दोष दिसतं, पण मजकूर कॉपी केला की वेलांट्या भलत्या अक्षरावर बसतात आणि जोडाक्षरं फुटतात. मराठी पीडीएफ बिघडली असं लोक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा गडबड या तक्त्यातच असते.

म्हणून फाइल हातात आली की मी दोन गोष्टी बघतो. माउसने एखादी ओळ निवडता येते का? येत असेल तर ती नोटपॅडमध्ये चिकटवून बघायची. ओळ निवडताच आली नाही तर ते पान म्हणजे फोटो. निवडता आली पण चिकटवल्यावर कचरा आला, तर मजकूर आहे पण तक्ता बरोबर नाही. मोफत अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादीही दिसते. तिथे फॉन्टच्या नावाआधी सहा रोमन अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसलं, तर त्या फॉन्टमधले फक्त या फाइलला लागलेले आकारच आत भरलेले आहेत, बाकीचे नाहीत, असं समजायचं.

सूचना: एक आकडा बदलायचा होता

सूचना तीन पानांची, मंगल फॉन्टमध्ये. बदल एवढाच की २१ सप्टेंबरचे २८ करायचे आणि वर सूचनेची स्वतःची तारीख बदलायची. काकूंची सही अजून व्हायची होती, त्यामुळे बदल करायला काही हरकत नव्हती.

आधी लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचातल्या ड्रॉ प्रोग्रॅममध्ये उघडून बघितली. इंग्रजी पीडीएफसाठी ड्रॉ चांगलं चालतं. प्रत्येक ओळ वेगळ्या चौकटीत येते, तिच्यात क्लिक करून शब्द बदलता येतो आणि फाइल पुन्हा पीडीएफ करता येते. इथे मात्र ‘विषय’, ‘इतिवृत्त’, ‘स्थिती’ असे शब्द विस्कटून आले. तशीच जतन केली असती तर एक आकडा सुधारण्याच्या नादात तीन पानं बिघडली असती.

मग इंकस्केप घेतलं. चित्रं काढायचा हा मोफत प्रोग्रॅम पीडीएफही उघडतो, आणि उघडताना अक्षरं मजकूर म्हणून न घेता आकार म्हणून घ्यायचा पर्याय देतो. तो निवडला की पान जसं दिसतं तसंच समोर येतं. अक्षर आता निव्वळ एक आकृती असते, त्यामुळे वेलांटी इकडची तिकडे होण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता २१ मधला १ पुसून तिथे ८ आणायचा होता. फॉन्ट निवडून नव्याने टाइप करता आला असता, पण त्याच पानावर ‘एकूण सभासद ४८’ असं छापलेलं होतं. त्यातल्या ८ ची नक्कल घेतली आणि १ च्या जागी नेऊन ठेवली. तोच फॉन्ट, तीच जाडी, तोच आकार. खालची रेघ जुळावी म्हणून शेजारच्या २ आणि ८ दोघांना निवडून तळाशी एका रेषेत आणलं. वरच्या तारखेतही ‘ऑगस्ट’ काढून पानावरचाच ‘सप्टेंबर’ हा शब्द तिथे नेला. मग तेवढं पान पीडीएफ म्हणून जतन करून जुन्या पानाच्या जागी घातलं.

एखादं नाव, तारीख, रक्कम बदलायची असेल तर मराठी पीडीएफसाठी याच्यापेक्षा भरवशाची पद्धत मला माहीत नाही. पण तिला मर्यादा आहे. त्या पानावरची अक्षरं आता आकृत्या झाल्या, म्हणजे शोध लागणार नाही आणि फोन ते पान वाचून दाखवू शकणार नाही. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांना दिसत नाही, त्या संस्थेची प्रत्येक सूचना फोनकडून ऐकतात. त्यांना सूचनेतून वगळून चालणार नव्हतं. म्हणून छापायला ही पीडीएफ घेतली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्यासोबत सूचनेचा संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला किंवा फोनला मराठी म्हणून ओळखता येईल असा, टाइप करून पाठवला. तीनच पानं होती, टाइप करायला फार वेळ लागला नाही. दहा ठिकाणी बदल करायचे असते तर मी दुरुस्तीच्या फंदात न पडता सरळ सगळं टाइप केलं असतं. छोट्या कागदाला तेच स्वस्त पडतं.

इतिवृत्त: जुन्या फॉन्टचं दुखणं

गेल्या वर्षीचं इतिवृत्त बाहेरच्या टायपिस्टकडून करून घेतलं होतं. त्यातले दोन ठराव जसेच्या तसे यंदाच्या समितीच्या अहवालात घ्यायचे होते. ओळ कॉपी केली तर रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डोक्यावर टोप्या असलेले स्वर यांची रांग आली. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असे फॉन्ट असेच बनवलेले असत. संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षर असतं, फॉन्ट त्या जागी मराठी आकार दाखवतो. कित्येक टायपिंग सेंटरं आणि डीटीपीवाले आजही त्यांवरच काम करतात, कारण हात त्याच कळपाटाला (कीबोर्डला) सरावलेले असतात.

इथे महागडं सॉफ्टवेअर असतं तरी अडचण होती तीच राहिली असती, कारण फाइलच्या पोटात मराठी मजकूर नव्हताच. यावरची वाट अशी, की पोटात काय आहे ते सोडून द्यायचं आणि पान डोळ्यांनी वाचावं तसं संगणकाकडून वाचून घ्यायचं. त्यासाठी टेसरॅक्ट आहे. एचपी कंपनीत सुरू झालेला हा ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा, प्रोग्रॅम २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि त्याला मराठी येतं. तो थेट वापरायचा तर काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात. पण एनएपीएस-टू नावाच्या मोफत स्कॅनिंग प्रोग्रॅममध्ये तो आतच असतो. ओसीआरच्या यादीतून मराठी भाषा एकदा उतरवून घ्यायची, पीडीएफच्या पानांची आधी चित्रं करून ती आत घ्यायची, कारण पानात आधीच मजकूर असला तर ओसीआर ते पान वगळतो, आणि ओसीआर चालू ठेवून पुन्हा पीडीएफ म्हणून जतन करायची. पानामागे निवडता येण्याजोगा मजकूर बसतो.

स्वच्छ छापील पान असलं की शब्द चांगले येतात. भीती असते ती आकड्यांची. एका ठरावात देखभाल शुल्काचा दर होता आणि १ च्या जागी ९ आला होता. ‘रु.’ चा टिंब खालच्या ओळीत उतरला होता. शब्द चुकला तर वाचताना खटकतो. आकडा चुकला तर वाक्य तितकंच बरोबर दिसतं आणि चूक तशीच छापली जाते. म्हणून काकूंनी मूळ कागदावरून आकडे मोठ्याने वाचले, मी पडद्यावर ताडून बघितले. कायद्याने बांधून घेणारा मजकूर असेल तर ओसीआरनंतर ही पायरी गाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

थकबाकीची यादी: काळी पट्टी पुरत नाही

खजिनदार काकांनी थकबाकीच्या यादीची पीडीएफ दिली. तिच्यात सदनिका क्रमांक, रक्कम आणि सभासदांचे मोबाइल क्रमांक होते. क्रमांक सगळ्यांना वाटायचे नव्हते, म्हणून काकांनी त्या रकान्यावर काळी पट्टी ओढली होती. दिसायला काम चोख होतं. मी पट्टीवरून माउस फिरवला, कॉपी केलं आणि नोटपॅडमध्ये चिकटवलं. सगळे मोबाइल क्रमांक एकाखाली एक उमटले. काका खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले.

पट्टी म्हणजे पानावर ठेवलेली आणखी एक आकृती. खालचा मजकूर जागेवरच असतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांच्या प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदातही हेच झालं होतं. काळा केलेला भाग पत्रकारांनी कॉपी करून वाचला आणि बातमी झाली.

काकांकडे यादीची एक्सेल फाइल होती, म्हणून तो रकानाच काढून टाकला आणि नवी पीडीएफ केली. मूळ फाइल नसती तर लिबरऑफिसचा ‘रिडॅक्ट’ हा पर्याय वापरला असता. २०१९ च्या ६.३ आवृत्तीपासून तो आहे. त्यात झाकलेला भाग निश्चित केला की पानाचं चित्र होऊन बाहेर पडतं, खाली मजकूर उरत नाही. काहीही वापरलं तरी शेवटी कॉपी करून, चिकटवून बघायचंच.

याच यादीमुळे आणखी एक गोष्ट ठरली. पीडीएफ जोडून, लहान करून देणारी फुकट संकेतस्थळं पुष्कळ आहेत आणि सोपी आहेत. पण तिथे फाइल दुसऱ्याच्या संगणकावर चढवावी लागते. सभासदांची थकबाकी, सह्या, फोन क्रमांक असलेले कागद आपण असे बाहेर पाठवू नयेत. त्यांनी ते संस्थेच्या भरवशावर दिलेले असतात. म्हणून पूर्ण काम संगणकावर बसवलेल्या प्रोग्रॅममध्येच केलं.

दरपत्रकं आणि जुळवाजुळव

वॉटरप्रूफिंगची तीन दरपत्रकं ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केलेली होती, काही पानं आडवी. ए-फोर कागद ६०० डीपीआयवर घेतला की सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात, २०० डीपीआयवर साधारण ३९ लाख. छापील दरपत्रक वाचायला दुसरा आकडा पुरेसा आहे. कागद हाताशी होते, म्हणून लहान करण्याच्या खटपटीत न पडता २०० डीपीआयवर, करड्या छटेत पुन्हा स्कॅन केले. पुस्तिका जीमेलच्या २५ एमबीच्या मर्यादेत आरामात बसली.

पानं जोडायला, फिरवायला, पुढेमागे करायला पीडीएफ अरेंजर वापरलं. सगळ्या पानांची लहान चित्रं समोर येतात, ओढून जागेवर ठेवायची. पृष्ठक्रमांक पीडीएफ-ट्वेंटीफोरच्या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने घातले. मॅक असेल तर जोडणं आणि फिरवणं प्रिव्ह्यूमध्येच होतं. ए-फोर पानं ए-फाइव्हच्या पुस्तिकेत छापून कागद वाचवावा असा विचार होता. पण त्यात अक्षर सुमारे ७० टक्क्यांवर येतं आणि आमचे निम्मे सभासद साठीपुढचे आहेत. म्हणून ए-फोरच, पाठपोट.

लेखापरीक्षण अहवाल: हात लावायचा नाही असा कागद

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती या फाइलवर. पुस्तिका जुळवताना काकूंच्या लक्षात आलं, की सिंकिंग फंडाची (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीची) शिल्लक ताळेबंदात ३,६४,५०० आहे आणि मागच्या परिशिष्टात ३,४६,५००. फरक १८,००० रुपये. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर आधी आकड्यांची अदलाबदल तपासावी, हा हिशेबनिसांचा जुना ठोकताळा इथे लागू पडला. ६ आणि ४ ची जागा बदलली होती.

खजिनदार काका म्हणाले, “तू सूचनेतला आकडा बदललास ना, तसाच हाही बदलून टाक. टायपिंगचीच तर चूक आहे.”

“काका, खाली सही सीएंची आहे.”

“पण बरोबर आकडा आपल्याला माहीत आहे की.”

त्यांचा हेतू स्वच्छ होता आणि घाईही खरी होती. तांत्रिकदृष्ट्या काम सोपं होतं, स्कॅन केलेल्या चित्रातले दोन आकडे इकडचे तिकडे करायचे एवढंच. तरीही मी नाही म्हटलं. सूचना आमची होती आणि सही व्हायची होती. हा अहवाल दुसऱ्याने तपासून, सही करून दिलेला दस्तऐवज होता. त्यातला चुकीचा आकडा आपण बरोबर केला तरी तो खाडाखोड केलेला दस्तऐवज होतो. निबंधक कार्यालयात गेलेली प्रत आणि सभासदांच्या हातातली प्रत वेगळी निघाली, तर उत्तर समितीला द्यावं लागतं. सीएंच्या अहवालावर यूडीआयएन हा अंक आणि अक्षरं मिळून १८ चिन्हांचा ओळखक्रमांक असतो, त्यावरून तो दस्तऐवज सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर कुणालाही पडताळता येतो. डिजिटल सही असलेल्या पीडीएफमध्ये तर नुसतं पान फिरवून जतन केलं तरी सही तुटल्याचं दिसतं. डिजिटल सहीचा सातबारा किंवा ई-आधार इतर कागदांत जोडून एक फाइल करणाऱ्यांना हा अनुभव येतो. अशी फाइल जोडायची नसते, वेगळीच पाठवायची असते.

काकूंनी सीएंना फोन केला. त्यांनी खतावणीशी ताडून बघितलं. ताळेबंदातला आकडा बरोबर होता, परिशिष्टातला चुकला होता. तीन दिवसांत दुरुस्त, नव्याने सही केलेला अहवाल आला. तोवर पुस्तिकेत त्या जागी कोरी पानं ठेवली होती, अहवाल आला तसा तिथे बसवला. मधल्या तीन दिवसांत काकांची माझ्यावर थोडी नाराजी होती. सीएंचं पत्र आलं तेव्हा त्यांनीच ते समितीच्या बैठकीत वाचून दाखवलं आणि इतिवृत्तात नोंद करायला सांगितली.

१२ सप्टेंबरला पुस्तिका छापून आली आणि त्याच संध्याकाळपासून वाटली गेली. काकूंनी घरोघरी पोच घेतली.

सभेनंतर समितीने एक व्यवस्था लावली. संस्थेचे कागद आता लिबरऑफिस रायटरमध्ये, युनिकोडमध्येच टाइप होतात. पीडीएफ करताना ‘हायब्रिड पीडीएफ’ या पर्यायावर खूण केलेली असते. त्याने मूळ फाइल पीडीएफच्या पोटातच जाते. ती पीडीएफ लिबरऑफिसमध्ये उघडली की परिच्छेदांसकट मूळ मजकूर बदलायला मिळतो, बाकी कुठेही ती साध्या पीडीएफसारखी दिसते. सही झालेल्या कागदांसाठी मात्र वेगळा फोल्डर आहे. टायपिंग करून देणाऱ्या ताईंनाही युनिकोडमध्येच काम हवं असल्याचं कळवलं आहे. त्यांना युनिकोडसाठीचा इनस्क्रिप्टचा कळपाट नवा आहे, म्हणून तूर्त दर पानाला थोडे जास्त पैसे देतो.